पांढऱ्या कव्हरची तबकडी

१ तारीख, रविवार

जिवंत माणसांनी वाजवलेलं संगीत ऐकायला जाऊ नये, हे आज पुन्हा पटलं. मेव्हण्याने पास आणून दिले, म्हणून गेलो. भलामोठा वाद्यवृंद, सगळ्यांच्या तारा पोलादी, आणि प्रत्येक सूर असा थरथरवत होते की जणू अख्ख्या मंचाला हुडहुडी भरली आहे. मध्यंतरात मेव्हणा म्हणाला, "काय भरदार वाजवतात हो!" भरदार! गादीसुद्धा भरदार असते. तिच्यावर झोपतात, तिला टाळ्या वाजवत नाहीत.

वाजवत होते ते माझ्याच संगीतकाराचं. अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस. कव्हरवरच्या चित्रात त्याच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप असतो, म्हणून बायको त्याला 'तुमचे टोपवाले' म्हणते. मी त्यांच्या तबकड्या जमवतो. सगळ्या नाही. ज्या त्यांच्या काळच्या वाद्यांवर वाजवलेल्या आहेत तेवढ्याच. म्हणजे आतड्याच्या तारा, लाकडी सांगाड्याचा पियानो, थरथर नाही आणि सूर आजच्यापेक्षा थोडा खालचा. लग्नानंतर पहिल्यांदा हे समजावून सांगितलं तेव्हा बायको म्हणाली होती, "शी! आतड्याच्या?" तेव्हापासून तिने माझ्या कपाटाला हात लावलेला नाही.

संध्याकाळी मुलगी आली. ती व्हायोलिन वाजवते. पोलादी तारांवर. मी काय पाप केलं होतं ते देवच जाणे. तिची चौघांची एक चौकडी आहे, दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक सेलो. त्यांनी टोपवाल्यांच्या चौकड्यांची, म्हणजे चौघांसाठी लिहिलेल्या रचनांची, एक नमुना तबकडी काढली आहे. ती टेबलावर ठेवून तिने नाकाने एक छोटा श्वास आत ओढला. लहानपणी पाण्यात उडी मारण्याआधी ओढायची तसा.

"बाबा, शाळेत कायमची नोकरी मिळते आहे. ती घेतली तर चौकडी सोडावी लागेल. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. तुम्ही हे एकदा ऐका, आणि सांगा. सोडू की धरू?"

"तारा पोलादीच ना?"

"हो."

"मग त्या बाल्कनीत बांधा. कपडे वाळत घालायला बऱ्या."

ती हसली नाही. तबकडी मी फ्रिजवर ठेवली. ती गेल्यावर बायकोने भांडी अशी घासली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

४ तारीख, बुधवार

विमा कंपनीत माझं काम दावे तपासण्याचं आहे. तपासण्याचं म्हणजे नाकारण्याचं. दिवसभर लोकांच्या खोट्या पाठदुख्या वाचून आल्यावर टोपवाल्यांशिवाय मन स्वच्छ होत नाही.

हल्ली एक जाणवतं. माझ्या सगळ्याच तबकड्या पूर्वीपेक्षा खोल वाजू लागल्या आहेत. गंभीर, सावकाश, मुरलेल्या. वयाबरोबर कान पिकतो म्हणतात ते खरं असावं. आमच्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या मंडळातले लोक सूर मोजायला खिशात सूरकाटा घेऊन फिरतात. माझा कुठल्या खणात पडलाय तेही ठाऊक नाही. ज्याला कान आहे त्याने काटे बाळगू नयेत.

प्लेअरही वयात आला आहे. बटण दाबलं की तबकडी जरा विचार करते, मग फिरू लागते. मला तो डौल आवडतो.

बायकोने तिच्या आवडत्या गायिकेची तबकडी लावली. दोन ओळींतच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, हिचा घसा बसलाय."

"तिचा घसा पहिल्यापासून तसाच आहे. तुला आत्ता ऐकू आलं."

"बाई होती हो ती. आता बाप्या वाटतोय."

रसिकता म्हणजे काय ते या घरात मी कुणाला सांगू?

८ तारीख, रविवार

आज जे पाहिलं त्याने दुपारचं जेवण गेलं नाही.

आमच्या मंडळातला एक जुना संग्राहक गेला. माणूस कंजूष आणि खडूस होता, पण त्याच्या संग्रहात ताकद होती. त्याच्या भाच्याने तबकड्या विकायला काढल्या म्हणून गेलो. बाथरूममध्ये ठेवल्या होत्या! कव्हरांना बुरशी, बुरशीवर कसर, आणि गीझरखाली ओळीने उभे टोपवाले. भाचा म्हणाला, "काका, चांगल्या कव्हरच्या घेऊन जा. बाकीच्यांचं मी करतो काहीतरी."

"काय करतोस?"

त्याने अभिमानाने दाखवलं. भट्टीत तापवून तबकडी वाकवायची, की वाडगा होतो. मधल्या भोकातून पाणी निचरतं, म्हणून कुंडीला उत्तम. अशा एका वाडग्यात कोरफड लावली होती. लेबल वाचलं. टोपवाल्यांची सेलोची चीज, जुन्या वाद्यावरची. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

"बरं वाटत नाहीये का काका?" त्याने मला पाणी दिलं. ग्लासाखालची बशीसुद्धा तबकडीचीच.

वाचवता आलं तेवढं एका खोक्यात भरून आणलं. घरी एक चमत्कार झाला. बायको आपणहून म्हणाली, "द्या इकडे, मी पुसून ठेवते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी आंघोळ करून येईपर्यंत सगळा गठ्ठा स्वच्छ, उभा लावलेला. फ्रिजवरचा पसाराही आवरलेला दिसला. मुलीची तबकडी कुठे ठेवली ते विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावी लागली असती.

११ तारीख, बुधवार

लगेच लिहून ठेवतो.

खोक्यातल्या तबकड्या एकेक करून लावत होतो. बऱ्याचशा भाच्याच्या भट्टीच्याच लायकीच्या. मग एक निघाली, पांढरं कोरं कव्हर, पांढरं कोरं लेबल. नाव नाही, गाव नाही. कव्हरच्या कोपऱ्यात फक्त डिंकाचा एक चौकोन, जिथे कधीतरी चिठ्ठी चिकटवलेली असावी.

लावली. टोपवाल्यांची चौकडी. आणि मी खुर्चीत बसायचा राहिलो.

काय सूर आहे! आजच्यापेक्षा खालचा, अंधारा, मऊ. या तारा आतड्याच्या नसतील तर मी आयुष्यभर दावे चुकीचे नाकारले. पहिलं व्हायोलिन तर ऐकवत नाही इतकं सुंदर. थरथर जवळजवळ नाहीच. हात लहानपणी वळण लावल्याशिवाय असा वागत नाही. हा वाजवणारा जिथे वाढला त्या घरात कुणीतरी योग्य गोष्टी रोज ऐकत असणार. संथ भागात एका जागी तो सगळ्यांना थांबवून धरतो. एक बारीक श्वास ऐकू येतो, आणि मग ओळ सुरू होते. तो श्वास पाच-सहा वेळा ऐकला. त्याची ओळख लागेल असं वाटतं, पण लागत नाही.

बायको ओल्या हातांनी दारात उभी होती. पूर्ण बाजूभर. टोपवाल्यांसमोर ती इतका वेळ कधी थांबल्याचं आठवत नाही.

"कशी आहे?"

"याला वाजवणं म्हणतात."

"खरंच?"

"मी कधी उगाच चांगलं म्हणतो का?"

"नाही बाई. तो आरोप तुमच्यावर कुणी करणार नाही." आत गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. भांडी तर सगळी घासून झाली होती.

१३ तारीख, शुक्रवार

अध्यक्षांना फोन केला. आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मंडळ भरतं. ते म्हणाले, "बुटक्याची चौकडी तर नव्हे?" माझ्याही मनात तेच होतं. आमच्या मंडळात एक दंतकथा आहे. (दंतवैद्यांकडे आणखी काय असणार.) एका ठेंगू व्हायोलिनवाल्याने जुन्या वाद्यांवर एकच तबकडी काढली, तबकड्या छापणाऱ्या कारखान्याला आग लागली, आणि नमुन्याची एकच प्रत उरली. आजवर ती कुणी पाहिलेली नाही, पण मंडळातले चारही जण तिच्याबद्दल अधिकाराने बोलतात. बावीस तारखेला बैठक ठरली. मी ऐकवायची आणि निवाडा द्यायचा.

"आणि मुलीची?" बायकोने विचारलं. "ती वाट बघतेय. तुम्हाला काय वाटतं त्यावर तिने सगळं टांगून ठेवलंय."

"ऐकतो म्हणालोय ना."

"कधी?"

"आधी हे होऊ दे. या कानांनी लगेच पोलाद ऐकलं तर ते विटाळतील."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नव्हे. डॉक्टर एक्स-रेकडे बघतात तसं.

१७ तारीख, मंगळवार

एकाने स्वतःच्या स्कूटरवर स्वतःच नारळाएवढा दगड टाकून दावा लावला आहे. फोटोत दगड धुतलेला. नाकारला. जगात कशावर विश्वास ठेवावा?

पांढरी तबकडी दोनदा लावली. दोन्ही वेळा बरं वाटलं.

१९ तारीख, गुरुवार

मुलीचा फोन आला. तिच्या तबकडीचा विषय निघण्याआधीच मी पांढऱ्या तबकडीवर बोलू लागलो. काय करू, दुसरं काही सुचतच नाही. संथ भागातली ती जागा गाऊनही दाखवली. थांबा, श्वास, मग ओळ.

मग ती म्हणाली, "बाबा, तो थांबा... जास्त लांबलाय असं नाही वाटत? आम्हा चौघांत त्यावरून रोज भांडण होतं."

"तुमचं कशाला? तुम्ही तिथपर्यंत पोचणार कधी! तो थांबाच तर सगळं आहे."

"तुम्हाला आवडला."

"आवडला काय! त्या एका जागेसाठी मी बाकीचं कपाट देऊन टाकीन."

मग म्हणाली, "नाव नसलं की किती छान ऐकता हो तुम्ही."

कौतुकच असावं. मग तिने आईला फोन द्यायला सांगितलं, आणि आईने फोन घेऊन दार लावून घेतलं. आतून आधी वादावादी, मग हसणं, मग काहीच नाही. बाहेर येऊन बायको म्हणाली, "रविवारी बैठकीला तीही येणार आहे."

"मंडळात? ती?"

"आणि सोमवारी शाळेला उत्तर देणार आहे. तेवढं लक्षात ठेवा."

उशिरा का होईना, चांगल्याची ओढ लागली म्हणायची.

२२ तारीख, रविवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

दंतवैद्यांची बाहेरची खोली. भिंतीवर अक्कलदाढेचं मोठं चित्र, खाली ओळीने खुर्च्या. मुलगी शेवटच्या खुर्चीवर, बरोबर दाढेखाली. बायको तिच्या शेजारी. पुढे मंडळ. त्यात आमचे सूचीकार, ज्यांना टोपवाल्यांच्या प्रत्येक रचनेचा क्रमांक पाठ आहे आणि एकही चाल नाही.

अध्यक्षांचा प्लेअर दातांच्या यंत्रांइतकाच काटेकोर ठेवलेला असतो. त्यांनी सुई टेकवली.

पहिल्या सुरालाच कळलं. वर! सूर वर होता. आजचा, रोजचा, त्या सभागृहातला. चाल वेगात. तारा झगझगीत, कडक, पोलादी. माझा अंधार, माझा मऊपणा, कुणीतरी मोठा दिवा लावून घालवला होता. तबकडी तीच होती, मी स्वतः कव्हरमधून काढली होती. मग माझ्या घरी जे वाजलं ते काय होतं? तबकडीचा विचार करत फिरणं आठवलं. बाप्या झालेली गायिका आठवली. माझा पिकलेला कान! अरे, प्लेअरचा तबकडी फिरवणारा पट्टा सैल झाला होता. सगळं घर महिनाभर रेंगाळत होतं आणि मी त्याला पक्वता म्हणत होतो.

आता सगळे उठतील, असं वाटून मी मागे पाहिलं. कुणी उठलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना डोलताहेत.

"आहाहा," अध्यक्ष पुटपुटले. "आतड्याच्या तारेचा ओलावा बघा!"

"आणि सूर किती खालचा!" सूचीकार. खिशातला सूरकाटा त्यांनी बाहेरही काढला नव्हता.

मी लोकांच्या धुतलेल्या दगडांना हसतो. इथे तर सगळं मंडळच दगड धुवत बसलं होतं, आणि धुवायला पाणी मी आणून दिलं होतं. असली शिसारी मला बाथरूममधल्या बुरशीचीही आली नव्हती. तोंडात दवाखान्याची ती लवंगेच्या तेलाची चव आली.

आणि संथ भाग सुरू झाला. या वेगातही, या पोलादातही, ती जागा आली. चौघं थांबले. तबकडीतून तो बारीक श्वास आला.

आणि तोच श्वास मागून, दाढेखालून आला.

मी वळलो. ती सबंध खोलीत फक्त माझ्याकडे बघत होती, नाकाने श्वास ओढून, उडी मारण्याआधीसारखी. डिंकाचा चौकोन, स्वच्छ झालेला फ्रिज, भांड्यांशिवाय वाहणारा नळ, सगळं एकदम जागेवर बसलं. बायको छताकडे बघत होती.

तबकडी संपली. अध्यक्षांनी डोळे पुसले. "बोला. बुटकाच ना?"

मान हलवली असती की झालं असतं. पुढची वीस वर्षं मंडळाने मला डोक्यावर घेतलं असतं.

"तारा पोलादी आहेत," मी म्हणालो. "वाद्यं आजची. तबकडी याच वर्षीची. माझ्या घरचा प्लेअर हळू फिरत होता, म्हणून मी फसलो. पहिलं व्हायोलिन ती वाजवतेय. दाढेखाली बसलीय ती. माझी मुलगी."

मग अध्यक्ष म्हणाले, "तरीच. मला पहिल्यापासून जरा कर्कशच लागत होतं."

"आतड्याच्या तारेला असा टणटणाट येतच नाही," सूचीकार म्हणाले, आणि सगळे माना डोलावू लागले. त्याच माना. त्याच लयीत.

"कर्कश नाही," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण आतल्या खोलीतून कंपाउंडरने डोकावून पाहिलं. "शेवटचा भाग घाईत आहे. सेलोवाला मागे राहतो, त्याला ओढत न्यावं लागतं. संथ भागातला थांबा बरोबर आहे. तेवढाच हवा. पण कर्कश नाही. मघाशी तुम्ही रडत होतात डॉक्टर."

तबकडी उचलली आणि बाहेर पडलो. जिन्यात बायको म्हणाली, "मी फक्त चिठ्ठी काढली हं. बाकी सगळं तुम्ही आपलं आपण केलंत."

मुलगी खालच्या पायरीवर थांबली होती. "सेलोवाला मागे राहतो हे मी चार महिने सांगतेय. कुणी ऐकत नाही."

"त्याला कान नाही."

"बाबा." श्वास. "सोडू की धरू?"

"तुझ्या त्या तारांची मला शिसारी आहे. होती आणि राहील."

"माहितीय."

"धर."

तिने माझ्या हातातून तबकडी घेतली, कव्हरवरच्या चौकोनावर अंगठा घासला आणि परत माझ्याच हातात दिली.

२३ तारीख, सोमवार

प्लेअर उघडला. पट्टा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता. बदलला. बायकोने ताबडतोब तिची गायिका लावून पाहिली. "आली बाई, आली शुद्धीवर!" दिवसभर तीच. माझा काही बोलायचा हक्क उरला नव्हता, म्हणून बोललो नाही.

मुलीने शाळेला 'नोकरी नको' असं कळवलं.

मंडळाकडून सूचीकारांचा फोन आला. या प्रसंगामुळे मंडळाची प्रतिष्ठा डागाळली, तेव्हा मी काही काळ न आलेलं बरं. म्हटलं, तुमच्या प्रतिष्ठेची एक कुंडी करून घ्या, मी पत्ता देतो.

२९ तारीख, रविवार

मुलगी सेलोवाल्याला घेऊन आली. तिला मी ऐकलं तसं ऐकायचं होतं. म्हणून सैल पट्टा पुन्हा चढवला. दोघं जमिनीवर बसून आपलीच तबकडी रेंगाळताना ऐकत होते. सेलोवाला उजळला. "या चालीत मला जमेल!" म्हणाला, आणि सगळी बिस्किटं संपवून, बोटं न पुसता माझ्या कपाटातल्या तबकड्या काढून बघू लागला. बघवेना. मी आत निघून गेलो.

पण संथ भागापर्यंत दाराशी उभा होतो, हेही खरं.

आतड्याच्या तारांचा एक संच मागवला आहे. व्हायोलिनचा. मुलीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती 'नको' म्हणेल, आणि का नको हेही सांगेल, माझ्याच आवाजात. आला की कोऱ्या पांढऱ्या पाकिटात घालून तिच्या व्हायोलिनच्या पेटीत सरकवणार आहे. नाव नाही, गाव नाही. वरची चिठ्ठी तेवढी काढायची.

बायको पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसली आहे. तिला यातलं मी काहीही सांगितलेलं नाही. आत्ताच पान उलटताना, मान वर न करता म्हणाली, "डिंक नीट पुसा. चौकोन राहतो."